तांब्याची नळी आणि आईची चिंच

खरं सांगू? माझ्या पीसीत तांब्याच्या नळ्या बसवायचं खूळ डोक्यात शिरलं ते पुण्यातल्या मे महिन्यात. दिवसा ऑफिस, रात्री लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे आणि मशीन म्हणजे तापलेला तवा! वॉटर कूलिंग आधीपासून होतं, पण साध्या लवचीक नळ्यांचं. म्हटलं, तांबं ॲल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. नळ्याच तांब्याच्या केल्या, तर पाणी वाटेतच गार होईल. लॉजिक एकदम झक्कास!

"तांब्यातलं पाणी ना? मग पीत का नाहीस सरळ?" इति आई.

एसीचं सामान विकणाऱ्या दुकानातून अर्धा इंची नळी आणली. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. माझी फिटिंग्ज १२ ची. पाऊण मिलिमीटरसुद्धा फरक नाही, त्यात काय एवढं? कानस घेतली, टोकं घासली आणि दाबून बसवली.

नशीब, एक शहाणपण सुचलं. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवला आणि फक्त पंप चालू केला. बाकी कशालाच वीज नाही. रात्री अडीचला बघते तर ग्राफिक्स कार्डावरच्या जोडाखालचा टिश्यू चिंब! कार्डाची किंमत माझ्या पगाराहून जास्त आणि सोमवारी एका नवरीला तिचा व्हिडिओ द्यायचा. पोटात गोळाच आला. वीज नव्हती म्हणून कार्ड वाचलं. पुसलं, दोन दिवस पूर्ण वाळू दिलं. व्हिडिओ मित्राच्या लॅपटॉपवर कसाबसा संपवला.

चूक कुठे झाली? फिटिंगच्या आत रबराची ओ-रिंग असते. तिला गुळगुळीत, गोल नळी लागते. कानशीच्या ओरखड्यांतून पाणी वाट काढतंच. मग मुकाट्याने १२ मिलिमीटरचीच नळी मागवली, कापलेल्या कडा नीट साफ केल्या आणि बेंडरने सावकाश वाकवली. या वेळी चोवीस तासांनंतरही टिश्यू कोरडा!

आणि तापमान? आधीइतकंच! एक डिग्रीही कमी नाही.

कारण पाणी गार करतो तो रेडिएटर. त्याच्या शेकडो पातळ पट्ट्या आणि पंख्याचा वारा, यांच्यापुढे हातभर नळीचा पृष्ठभाग तो केवढा? शिवाय पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही. पुण्याचा उन्हाळा तांब्याने हटत नाही, बॉस.

तुम्हालाही मोह झाला, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल तर तांबं नकोच. एकाच पाण्यात दोन्ही आले की ॲल्युमिनियम गंजतं. पाण्यात गंजरोधक कूलंट हवाच. आणि तांब्यातून वीजही वाहते, तेव्हा नळी मदरबोर्डला टेकू देऊ नका.

मग नळ्या काढून टाकल्या का? छे! परवा त्या काळवंडल्या, तेव्हा आई चिंचेचा कोळ घेऊन हजर. मी पीसी बंद करून, पाणी काढून नळ्या सोडवल्या आणि दोघींनी मिळून त्या बाहेरून घासल्या, धुतल्या. देवघरातल्या तांब्यासारख्या लखलखल्या.

मशीन तेवढंच तापतं. पण आई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवते.