गॅस गीझर रुसला तर

थंडीचे दिवस आहेत. मुलांची शाळा, घरधन्याचे ऑफिस आणि सासूबाईंची पूजा यांची वेळ एकच, त्यामुळे बाथरूमच्या दाराशी रांग लागली आहे. अशा वेळी नळ सोडावा तर गीझरमधून नुसता टक्‌टक् आवाज येतो, पाणी मात्र बर्फासारखे गार! मग कोणी गीझरवर थाप मारतो, कोणी बटणे फिरवतो आणि शेवटी शेगडीवर पातेले चढते. संध्याकाळी मेकॅनिक येतो, दोन सेल बदलतो आणि पैसे घेऊन निघून जातो.

गॅस गीझरच्या पुष्कळशा तक्रारी अशाच साध्या असतात. थोडी माहिती असेल, तर घरातील कोणालाही त्या ओळखता येतात. मात्र एक बिघाड असा आहे की त्याला ना आवाज असतो, ना वास. पाणीही छान गरम येत राहते. सर्वांत घातक तोच. म्हणून कोणती तक्रार घरी सोडवावी आणि केव्हा गीझर ताबडतोब बंद करावा, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

गीझर पेटतो कसा?

नळ सोडला की पाण्याच्या दाबाने गीझरमधील एक रबरी पडदा ढकलला जातो. मेकॅनिक त्याला डायफ्राम म्हणतात. पडद्यामुळे आतील लहानसा स्विच दाबला जातो, सेलच्या विजेवर ठिणगी पडते, गॅसची झडप उघडते आणि बर्नर पेटतो. ज्योतीवरच्या तांब्याच्या नळ्यांतून वाहता वाहता पाणी गरम होते. पाणी, सेल आणि गॅस यांपैकी एकाने जरी दगा दिला, तरी गीझर रुसतो.

ठिणगीच पडत नाही

प्रथम सेल बदलून पाहावेत. दोन्ही सेल एकाच वेळी बदलावेत आणि त्यांची दिशा नीट पाहून बसवावेत. सेलच्या खणात पांढरट-हिरवी बुरशी धरली असेल, तर कोरड्या कापडाने पुसावी. तरीही ठिणगी नसेल, तर पाण्याचा दाब पाहावा. वरच्या मजल्यावर, जिथे गच्चीवरची टाकी जवळच असते, तिथे दाब अनेकदा कमी पडतो. पाणी आत येते तिथे लहानशी जाळी असते. तीत वाळू, गंज साचतो. पाणी व गॅस दोन्ही बंद करून जाळी काढून धुवावी. एवढे करूनही ठिणगी नसेल, तर डायफ्राम फाटलेला असू शकतो. ते काम मेकॅनिकचे.

ठिणगी पडते, पण ज्योत नाही

सिलिंडर संपला आहे का, रेग्युलेटर चालू आहे का, रबरी नळी कुठे दुमडली आहे का, हे पाहावे. सिलिंडर नुकताच बदलला असेल, तर नळीत हवा राहते. अशा वेळी पहिल्या एक-दोन प्रयत्नांत ज्योत धरत नाही.

मध्येच विझतो

अनेक गीझर सुमारे वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. हा बिघाड नव्हे, सुरक्षेसाठी केलेली सोय आहे. नळ बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सोडावा. त्याआधीच गीझर विझत असेल, तर सेल उतरले असतील किंवा दुसरीकडे नळ सोडल्याने दाब कमी होत असेल. काही गीझरमध्ये हवेतील प्राणवायू कमी झाल्यास गॅस तोडणारी यंत्रणा असते. म्हणून गीझर वारंवार विझत असेल, तर तो पुन्हा पुन्हा पेटवू नये. आधी खिडकी उघडी आहे का, ते पाहावे.

पाणी कोमटच येते

हिवाळ्यात टाकीतील पाणीच गार असते, त्यामुळे तेवढ्याच ज्योतीवर ते कमी तापते. पाण्याची धार थोडी बारीक करावी. तरी फरक न पडल्यास नळ्यांत क्षार साचले असण्याची शक्यता असते. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत हे हमखास होते. मेकॅनिककडून नळ्या साफ करून घ्याव्यात.

येथे हात लावू नये

पेटताना 'भप्प' असा आवाज होत असेल, तर ठिणगी पडण्यापूर्वीच गॅस साचतो आहे असे समजावे. ज्योत निळी असायला हवी. ती पिवळी, लांब, थरथरणारी असेल किंवा गीझरवर काजळी दिसत असेल, तर गॅस पुरता जळत नाही. दोन्ही वेळा गीझर बंद ठेवून मेकॅनिकलाच बोलवावे.

गॅसचा वास आला, तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. बाहेर जाऊन १९०६ या गॅस तक्रारीच्या क्रमांकावर फोन करावा. नळीची गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडी पेटवून कधीही नाही.

न दिसणारा बिघाड

स्वयंपाकाच्या गॅसला वास असतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. पण गॅस अपुऱ्या हवेत जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला प्राणवायू मिळत नाही. स्वयंपाकाचा गॅस नीट जळण्यासाठी त्याच्या पंचवीस-तीस पट हवा लागते आणि गीझरचा बर्नर शेगडीच्या एका बर्नरपेक्षा कितीतरी अधिक गॅस घेतो. थंडी वाजते म्हणून खिडकी लावलेल्या लहानशा बाथरूममध्ये इतकी हवा येणार कुठून?

आंघोळ करताना डोके जड होणे, मळमळणे, चक्कर येणे, पाय लटपटणे ही त्याची लक्षणे. उपाशीपोटी होते, अशक्तपणा आहे, पित्त झाले, असे म्हणून घरचे ती सोडून देतात. काहींना बाथरूममध्ये झटके येतात आणि फेफरे समजून औषध सुरू होते. खरे तर आंघोळीच्या वेळीच असा त्रास होत असेल, तर आधी गीझरवर संशय घ्यावा आणि डॉक्टरांनाही गॅस गीझरबद्दल आवर्जून सांगावे.

आत गेलेली व्यक्ती हाकेला ओ देत नसेल, तर दार उघडून तिला लगेच मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध आली तरी रुग्णालयात नेणे टाळू नये.

एवढे कराच

गॅस गीझर बाथरूमच्या आत लावूच नये. तो बाहेर मोकळ्या जागी बसवून गरम पाण्याची नळी तेवढी आत न्यावी. आतच असेल, तर दार लावण्यापूर्वी बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा आणि मगच आंघोळ करावी. खिडकी, झरोका कागद किंवा पुठ्ठा लावून बंद करू नये. एक्झॉस्ट पंखा असला तरी बाहेरची हवा आत येण्याची वाट लागतेच. खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे, रबरी नळीवरील मुदत पाहावी आणि दर वर्षी दिवाळीच्या सुमारास, थंडी पडण्यापूर्वी, मेकॅनिककडून गीझर तपासून घ्यावा.

सेल संपले तर एक दिवस गार पाण्याने भागेल. खिडकीतून येणारी गार झुळूक मात्र आंघोळ संपेपर्यंत अडवू नये.