बसतंय म्हणून बसवू नका
जुनी पद्मिनी बांधायला घेतलेल्या प्रत्येकाला कळकळीचे आवाहन

ज्यांनी जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा फियाट डिलाइट बांधायला काढली आहे, ज्यांची गाडी या घडीला स्टँडवर उभी आहे आणि ज्यांची कालच गॅरेजमधून रंगून बाहेर पडली आहे, त्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. सस्पेन्शनमधला कुठला भाग कुठून आला, हे तपासल्याशिवाय गाडी हमरस्त्यावर काढू नका. घाटात तर मुळीच नेऊ नका.

ही विनंती आजच करण्याला कारण आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी कायमची गेली आणि त्यानंतर या गाडीबद्दलची ओढ फार वाढली. वडिलांची गाडी गोठ्यातून बाहेर काढणारे, पहिल्या पगारातून जुनी पद्मिनी विकत घेणारे तरुण जागोजागी दिसतात, आणि त्याचा मनापासून आनंद आहे. पण उत्पादन थांबून दोन दशके उलटली. मूळ बनावटीचे स्प्रिंग, शॉकअप, आर्म आता क्वचितच मिळतात. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या नाना पेठेत किंवा ऑनलाइन जे हाती लागेल ते घेतले जाते. पुढचे स्प्रिंग एका ठिकाणचे, मागचे पाटे भंगारात गेलेल्या टॅक्सीचे, शॉकअप मारुती व्हॅनचे, बुश पॉलियुरेथेनचे. एकेक भाग नवा, चांगला, महागही असतो. धोका त्यांच्या मेळात आहे.

१९६४ पासून डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने कुर्ल्याच्या कारखान्यात जी गाडी तयार झाली, तिचा सांगाडा मूळचा १९५० च्या दशकातल्या इटालियन फियाट ११०० चा. पुढे दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड अॅक्सल आणि पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, सुमारे ९०० किलो वजन. यातली प्रत्येक गोष्ट दुसरीच्या हिशेबाने आखलेली आहे. एक बदलली की बाकीच्यांचा हिशेब चुकतो, आणि गाडी उभी असताना ते कुणालाही दिसत नाही.

स्प्रिंगचेच घ्या. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळे सारखे ठेवून १२ मिलिमीटर तारेऐवजी १३ मिलिमीटरची तार आली, तर स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के अधिक कडक होते. एक मिलिमीटर! दुकानात हातात घेऊन हा फरक डोळ्यांना कळत नाही. गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंगचा वेढा कापणारेही पुष्कळ आहेत. आठ चालू वेढ्यांपैकी एक कापला की स्प्रिंग बुटकी तर होतेच, शिवाय सुमारे १४ टक्के कडक होते आणि कापलेले टोक बैठकीत नीट टेकत नाही. याहून वाईट म्हणजे गॅस मारून स्प्रिंग बसवणे. तापवलेल्या पोलादाचे पाणी उतरते, आणि ती स्प्रिंग पुढे केव्हा तुटेल याची खात्री कुठलाही मेस्त्री देऊ शकत नाही.

आता त्या कडक स्प्रिंगबरोबर साडेसहाशे किलोच्या आसपासच्या छोट्या गाडीसाठी बनवलेला शॉकअप लावा. स्प्रिंगची उसळी आवरण्याचे काम शॉकअपचे, आणि ती ताकद त्याच्यात नाही. खड्ड्यातून गेल्यावर चाक एकदा दबून थांबण्याऐवजी तीन-चार वेळा उसळते, आणि ज्या क्षणी ते रस्त्यापासून सुटते त्या क्षणी त्या चाकाला ना ब्रेक असतो ना स्टिअरिंग. सरळ रस्त्यावर हे जाणवतही नाही. कुंभार्ली घाटाच्या वळणावर, पावसात, समोरून ट्रक येत असताना जाणवते.

शॉकअपची लांबी हा त्याहून दुर्लक्षित विषय. वरचे आणि खालचे भोक जुळले की तो बसला, असे मानले जाते. पण पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दबलेली अशा दोन्ही लांबी मोजाव्या लागतात. ताणल्यावर तो आखूड पडला तर चाक खाली लटकताना सगळा भार शॉकअपच्या बोल्टवर येतो. दबल्यावर लांब पडला तर बंप स्टॉपला टेकण्याआधीच शॉकअप तळाला आपटतो आणि बॉडीचा माउंट फाटतो. पद्मिनीचा पत्रा आता काही दशकांचा जुना आहे, गंज आतून खातो. त्या पत्र्याला असला मार सोसवत नाही.

टॅक्सीच्या पाट्यांबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण बाजारात तेच जास्त येतात. डिकीत सीएनजीची जड टाकी, टपावर सामान, मागे तीन प्रवासी, म्हणून पुष्कळ टॅक्सींना जादा पाटा घातलेला असे. तो सेट घरच्या गाडीला बसवला की मागची बाजू उंच आणि कडक होते. मग मालक समतोल साधायला पुढची स्प्रिंग कापतो. आता गाडी दिसायला झोकदार, पण मागची चाके वळणावर पकड आधी सोडतात. ओल्या रस्त्यावर मागची बाजू बाहेर फेकली जाते, आणि ती सावरणे अनुभवी चालकालाही सहज जमत नाही. टॅक्सीचा सेट वापरायचाच असेल तर पाटे मोजा, जादा असलेला काढा, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे घ्या.

बुशबद्दलही समजून घ्या. रबरी बुश पिळवटून काम करते, पॉलियुरेथेनचे बुश सरकून काम करते आणि त्याला ग्रीस लागते. एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते असेल तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते. रबरी बुशचे बोल्ट चाके हवेत असताना घट्ट आवळले तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांत फाटते. ते बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. गाडी खाली-वर केली असेल तर ब्रेकची होज तपासा. चाक पूर्ण लटकल्यावर ती ताणली जाता कामा नये आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरला घासता कामा नये. नटबोल्टचेही तसेच. फियाटचे आटे मेट्रिक, अॅम्बेसेडरचे इंची. १० मिलिमीटरच्या भोकात तीन अष्टमांश इंचाचा बोल्ट जातो, पण तो सैल राहतो आणि झिजत जातो.

मेस्त्रींनो, तुमच्या हातांनीच या गाड्या इतकी वर्षे चालू ठेवल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. गिऱ्हाईक घाई करते, पैसे कमी देते, हेही खरे. तरीही दोन अनोळखी भागांची जोडी जमवताना एकदा ‘नाही’ म्हणा. गिऱ्हाईक रुसेल, दुसऱ्या गॅरेजला जाईल, चालेल. दुकानदारांना एवढेच सांगणे आहे की स्प्रिंग विकताना तारेची जाडी, वेढे आणि मोकळी उंची, आणि शॉकअप विकताना दोन्ही लांबी पावतीवर लिहून द्या. ‘पद्मिनीला चालतं’ एवढ्यावर कुणाचा जीव टांगू नका.

कायद्याचीही एक बाजू आहे, ती थोडक्यात. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली. सुरुवातीच्या पद्मिनींनी ती पन्नाशी आता गाठली आहे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेल्या गाडीला ती वाट बंद होते. परका शॉकअप बसवण्यासाठी बॉडीचा माउंट कापून नवा ब्रॅकेट वेल्ड करणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो, हे वेगळेच.

म्हणून या आठवड्यात एवढे करा. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची मोजा. डाव्या-उजव्यात ठळक फरक दिसला तर ती गाडी मेस्त्रीकडे नेण्यापलीकडे चालवू नका. स्टँडवर घेऊन चाके खाली लटकवा आणि स्प्रिंग बैठकीतून सुटते का, होज ताणते का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका. स्प्रिंग, शॉकअप आणि बुश पुढच्या दोन्ही बाजूंचे एकत्र आणि मागच्या दोन्ही बाजूंचे एकत्र बदला, एकाच बनावटीचे. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या आणि पहिले काही दिवस गावातच, कमी वेगाने चालवा. जुळणारा सेट मिळत नसेल तर गाडी उभी ठेवा. वर्षभर थांबावे लागले तरी थांबा.

आणि ज्यांच्याकडे मूळचा, न कापलेला सेट आहे, मग तो मोडका का असेना, त्यांनी तो भंगारात घालू नये. त्याची तार, वेढे, उंची, पाट्यांची लांबी-जाडी आणि शॉकअपच्या दोन्ही लांबी लिहून काढा, फोटो घ्या, आणि जो मागेल त्याला ही मापे मोफत द्या. स्प्रिंग बनवून देणारे कारागीर आजही आहेत, त्यांना खरा नमुना हवा आहे.