चवदार तळे ते दाभोळची खाडी

आपल्या परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड भागातील पुष्कळ कुटुंबे नागपूरच्या दीक्षाभूमीला जाऊन आलेली असतात. डिसेंबरात चैत्यभूमीलाही जातात. महाडला जाणारे मात्र थोडे. जे जातात तेही २० मार्चला जाऊन त्याच रात्री परत फिरतात. गर्दीत अभिवादन केले, शिदोरी सोडली, गाडीत बसले. महाडच्या पुढे सावित्री नदी, तिची खाडी, डोंगरातली लेणी, बाबासाहेबांचे मूळ गाव आणि माता रमाईंचे माहेर आहे, ते पाहायचे राहूनच जाते. म्हणून यंदा थंडीत आम्ही चार कुटुंबे, लेकरे धरून सतरा जण, सहा दिवस काढून तिकडे गेलो. वाचकांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत.

परभणीहून रात्रीच्या देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने कल्याण, तेथून लोकलने दिवा. दिव्याहून सावंतवाडीकडे जाणारी कोकण रेल्वेची गाडी धरली की वीर स्थानकावर उतरायचे. तेथून महाड जवळच आहे. पुढचा सगळा प्रवास एस.टी.चा. २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरील वृद्धांना त्याआधीपासूनच प्रवास मोफत आहे. आपल्या म्हाताऱ्या आईला नेताना खर्चाची भीती बाळगू नये, वयाचा दाखला तेवढा जवळ ठेवावा.

चवदार तळे पाहून लेकरांनी पहिला प्रश्न विचारला, 'एवढंच?' येलदरीचे धरण पाहिलेल्या लेकरांना ते लहान वाटणारच. गावाच्या मधोमध, दगडी काठाचे, भोवती घरे असलेले हे तळे आहे आणि आता पाण्यात बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे. मग काठावर बसून त्यांना सगळे सांगितले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला, ओंजळीत पाणी आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब परिषदेतील लोकांसह चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. आमच्यातली सातवीतली मुलगी म्हणाली, 'म्हणजे पाणी प्यायला एक दिवस लागला आणि ते आपलं ठरायला दहा वर्षं.' आम्हाला यावर जास्त काही सांगावे लागले नाही.

महाडच्या वेशीलगतच, मुंबई-गोवा महामार्गावर गांधारपाले येथे सुमारे ३० बौद्ध लेणी आहेत. पायऱ्या चढून गेल्यावर सावित्री आणि गांधारी या नद्यांचा संगम खाली दिसतो. ज्यांना एक दिवस जास्त काढता येईल त्यांनी तळा तालुक्यातील मांदाडजवळची कुडा लेणी अवश्य पाहावीत. ही २६ लेणी खाडीकडे तोंड करून आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची ओळख कोरलेली आहे. त्यांत माळी आहे, वैद्य आहे, भिक्षुणी आहेत, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. लेणी फक्त राजांनीच कोरविली असे समजणाऱ्याने हे लेख लक्षात ठेवावेत. धंदा करून, मळा पिकवून जगणाऱ्या माणसांनीही धम्मासाठी पैसा बाजूला काढला होता.

महाडहून आम्ही मंडणगडला गेलो. तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. या गावावरूनच आंबडवेकर हे आडनाव आले. डोंगराच्या कुशीतले लहानसे गाव आहे आणि तेथे स्मारक उभारलेले आहे. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद येथे येऊन गेले. कोकणातल्या इतर गावांप्रमाणे इथलीही तरुण माणसे मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेली, घरी म्हातारी माणसे. आपल्याकडून ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईला माणसे जातात, तसेच हे.

मंडणगडच्या पश्चिमेला वेसवी येथे खाडीचे रुंद पाणी लागते. सावित्री येथून जवळच बाणकोटला समुद्राला मिळते. वेसवीहून पलीकडच्या बागमांडल्याला फेरीबोट जाते, गाड्यासुद्धा तीत चढतात. बागमांडल्याच्या जवळ हरिहरेश्वर आहे. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून सुमारे दोनशे प्रतिनिधींसह 'पद्मावती' बोटीने निघून याच हरिहरेश्वरला उतरले. तेथून दुसऱ्या बोटीने खाडीमार्गे दासगाव आणि दासगावहून पाच मैल पायी महाड. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, तो हा प्रवास. आपण चवदार तळ्याचा इतिहास वाचतो, पण ती माणसे कोणत्या पाण्यावरून आली ते बोटीत उभे राहिल्यावरच कळते. आमच्याबरोबरच्या दोन आजींनी जन्मात पहिल्यांदा खारे पाणी पाहिले. बोट हलली तशी त्यांनी एकमेकींचा हात धरला, आणि पलीकडे उतरल्यावर 'परत एकदा जाऊ' म्हणाल्या.

पुढे दापोली. रामजी सुभेदार निवृत्तीनंतर कुटुंबासह काही काळ येथे राहिले. पलटणीतून निवृत्त झालेल्या आपल्या माणसांची येथे वस्ती होती. महाड तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी अनार्य दोष परिहारक मंडळाचे काम येथूनच केले आणि १८९४ साली लष्करभरतीसाठी अर्ज तयार केला. बाबासाहेबांच्या आधी रस्ता पाडणारी ही माणसे, त्यांची नावे लेकरांना ठाऊक असली पाहिजेत.

दापोलीजवळ वणंद हे माता रमाईंचे गाव. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहून पोट भरीत. आम्ही दाभोळला गेलो, तेव्हा खाडीच्या काठचा चढ पाहून आमच्यातले हमाली करणारे दादा म्हणाले, 'ओली टोपली कोरडीपेक्षा जड असते आणि पाणी मानेवर गळतं.' आईवडील लवकर गेले आणि लहानगी रमा काकामामांबरोबर मुंबईस आली. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दुकाने बंद झाल्यावर, तिचे लग्न लागले. दाभोळचा चढ पाहिला की रमाईंनी पुढे काढलेले कष्ट वेगळ्या रीतीने समजतात.

वेळ असेल तर कोटजाई नदीकाठची पन्हाळेकाजीची २९ लेणी आणि संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव पाहावा. लेण्यांत आधी बौद्ध आणि पुढे नाथपंथीय अशा दोन्ही खुणा आहेत. लिलावात बायका पुढे असतात आणि भावात हार मानत नाहीत.

आता काही सूचना. पावसाळ्यात जाऊ नये. परभणीत वर्षभरात पडतो त्याच्या तिपटीहून अधिक पाऊस महाडला पडतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एस.टी. बसगाड्या पुरात गेल्या. जुलै २०२१ मध्ये सारे महाड पाण्याखाली होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारल्याशिवाय लेकरांना समुद्रात सोडू नये. आपण नदीत पोहणारी माणसे, समुद्राची ओढ आपल्याला ठाऊक नसते. ज्वारीचे पीठ बरोबर न्यावे, तिकडे तांदळाची भाकरी मिळते पण म्हाताऱ्यांना आपली भाकरी लागते. लेण्यांच्या भिंतीवर नाव कोरू नये आणि तळ्यात बाटली टाकू नये.

आणि शेवटचे, कर्ज काढून जाऊ नये. आमच्या चार घरांनी दर महिन्याला थोडे थोडे बाजूला ठेवून वर्षभरात हा खर्च जमविला. आपल्या वस्तीतील महिला मंडळाने ठरविले तर पुढच्या थंडीत एक डबा भरून लेकरे आणि आज्या नेता येतील. वर्षावास संपला की विहाराच्या बैठकीत हा विषय घ्यावा. जय भीम.