विमानतळावरील एक रात्र

या महिन्यांत आर्थर हेली यांची १९६८ सालची 'एअरपोर्ट' ही इंग्रजी कादंबरी वाचली. शिकागोनजीकच्या एका कल्पित विमानतळावरील हिमवादळी रात्रीची ही हकीगत. सर्वांत लांब धांवपट्टी अडवून एक विमान बर्फाखालच्या चिखलांत रुतलें आहे. तें हलेना, म्हणून इतर विमानें आंखूड पट्टीवरून सोडावीं लागतात आणि त्यांच्या कर्कश आवाजानें झोपमोड झालेली शेजारची वस्ती संतापते. इतक्यांत रोमकडे निघालेल्या विमानांत स्फोट होतो. जायबंदी होऊन परतणाऱ्या त्या विमानाला लांब पट्टीच हवी! मग रुतलेलें लक्षावधि डॉलरांचें विमान बर्फ लोटणाऱ्या यंत्रांनीं ढकलून मोडावयाचें कीं काय? निर्णय व्यवस्थापक मेल बेकर्सफेल्ड यास घ्यावयाचा आहे.

स्फोट घडविणारा गेरेरो कर्जबाजारी. बायकोला पैसे मिळावे म्हणून तो विमानतळावरच विमा उतरवितो आणि सर्वांचा जीव घ्यावयास निघतो. आम्हांस हें प्रथम अतिरंजित वाटलें. परंतु १९५५ सालीं डेन्व्हरहून निघालेलें विमान स्फोटानें कोसळून ४४ माणसें मेलीं, तेव्हां एका मुलानें आईच्या सामानांत बाँब ठेवून विमानतळावरील यंत्रांतून तिचा विमा काढला होता. विम्याची ही सोय तेथें नसावी, असें वैमानिक डेमरेस्ट तावातावानें सांगतो तें उगीच नव्हे.

प्रेमप्रकरणें मात्र पसरट. तीं खुशाल ओलांडावीं. विनातिकीट प्रवास करणारी वृद्धा एडा क्वॉन्सेट हिच्या प्रसंगीं घाई करूं नये. तिच्या शेजारच्या आसनावरच गेरेरो बसलेला असतो.