प्रेक्षकाचे दुःख आणि कलावंतिणीचे श्रम

चैत्र-वैशाखात जळगाव-धुळे जिल्ह्यांतील यात्रांमधून तमाशाचे फड उभे राहतात. यात्रा समिती फडमालकास सुपारी देते, आणि रात्री फडासमोर येऊन बसतो तो कापसाच्या भावाने नाडलेला शेतकरी व त्याचा बेकार मुलगा. घरूनच तो असंतुष्ट होऊन आलेला असतो. मग गण-गौळण आटोपण्यापूर्वीच ‘गाणी लावा’ असा गिल्ला होतो. वगाची पाळी येईलच असे नाही. कधी दगडही येतात.

या संतापाला सामोरे कोण जाते? फडमालक नव्हे, समितीचे अध्यक्ष तर नव्हेतच. सामोरी जाते ती नाचणारी स्त्री आणि तिच्यासोबतचा सोंगाड्या. अहिराणीतला एखादा टोला, पुढच्या रांगेतल्या कुणाला दिलेले उत्तर, आणि रागाचे हसू होते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ साली विमानातील सेविकांच्या हसऱ्या चेहऱ्याचा अभ्यास करून अशा कामास ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. आमच्या सोंगाड्यास हे पुस्तकावाचूनच ठाऊक होते, एवढेच!

परंतु या श्रमाचे मोल कोणत्याही हिशेबात नाही. हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडण्यातच कलावंताचे वर्ष सरते. देणेकऱ्यास ‘मी आज नाचत नाही’ असे म्हणता येत नाही. फडमालकही बहुधा सावकाराच्या कर्जात असतो हे खरे. म्हणून उचलीचा फास सैल होत नाही.

शासनाचे लक्ष मात्र नीतीवर. २००५ साली डान्स बारवर बंदी आली. २००६ साली उच्च न्यायालयाने व २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. २०१६ च्या नव्या कायद्यानुसार बक्षिसी बिलातच मिळवावयाची होती, म्हणजे ती आधी मालकाच्या गल्ल्यात! जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोटा उधळण्यावरील बंदी कायम ठेवली, पण बक्षिसी हातात देण्याची मोकळीक दिली. माझ्या मते त्या निकालातील हा भाग सर्वांत अर्थपूर्ण होय. श्रम कुणाचे व पैसा कुणाचा, हा प्रश्न निदान तेथे उपस्थित झाला.

तमाशा हा सरंजामी शोषणाचाच अवशेष, त्याची बाजू कशाला घ्यावी, असे आपल्यातील काही साथी म्हणतात. शोषण आहेच. पण अवशेष नष्ट होण्याची वाट पाहत त्या स्त्रीने कोणत्या भावाने राबावे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते. गिऱ्हाइकाचे मन राखावे, त्याच्याशी जवळीक साधावी, असा उपदेश तिला सारेच करतात. जवळीक कोठे थांबवावयाची हे ठरविण्याचा अधिकार मात्र तिला कोणी देत नाही.

खानदेशातील अनेक यात्रा समित्यांवर आपल्या विचाराचे लोक बसतात. सुपारीच्या कागदावर तीन कलमे त्यांनी घालून घ्यावीत: दंगा झाल्यास खेळ थांबविण्याचा हक्क कलावंतांचा, खेळ मोडला तरी रात्रीची मजुरी पूर्ण, आणि बंदोबस्ताचा खर्च समितीचा. पुढील चैत्रापूर्वी हे करता येण्याजोगे आहे.