घराण्याची अब्रू आणि घराण्याचे कागद

पूर्वजांच्या दप्तरातून अब्रूस बाध आणणारे कागद आधी काढून टाकावेत आणि मगच ते अभ्यासकाच्या हाती द्यावे, असा सल्ला आमच्या देवस्थानांच्या महाजनमंडळींत मोठ्या गांभीर्याने दिला जातो. सल्ला देणारे सज्जन आहेत. सल्ला मात्र घातक आहे. त्याची परीक्षा आपल्याकडच्या एखाद्या नामांकित घराण्यावर करावी तर वाद कागदांचा न राहता कुळांचा होईल. म्हणून आम्ही दूरचे, इंग्लंडातील लोकरीच्या व्यापाराचे उदाहरण घेतो.

१२१५ च्या मॅग्ना कार्टाचे नाव आम्ही वकील भक्तिभावाने घेतो. पण रंगीत कापडाचा पन्हा काठापासून काठापर्यंत दोन एल असावा, असेही एक कलम त्याच सनदेत आहे, हे क्वचितच कोणी सांगतो. पुढे लोकरी कापडाची ठाणे मोजून त्यांवर शिक्का मारणारे आणि कर घेणारे सरकारी अधिकारी आले. त्यांचे हिशेब सरकारदरबारी जतन झाले व अभ्यासक त्यांवर विसंबून राहिले. १९२९ मध्ये एलिनोरा कॅरस-विल्सन ह्या विदुषीने ते बारकाईने तपासले, तो १५ व्या शतकाच्या उत्तरार्धातील पश्चिम परगण्यांचे हिशेब बव्हंशी जुन्या नावांच्या नकला करून रचलेले निघाले! सरकारी शिक्क्याची ही पत.

आता एका घरचे कागद पाहा. लंडनचे सेली घराणे लोकरीचे व्यापारी. त्यांची १४७२ ते १४८८ ह्या काळातील सुमारे २५० पत्रे उपलब्ध आहेत. उत्तर युरोपाकडे जाणारी बहुतेक इंग्रजी लोकर तेव्हा इंग्रजांच्या ताब्यातील कॅले बंदरातून, स्टेपल कंपनीच्या देखरेखीखाली विकली जाई. आलेल्या मालातून एक गासडी नमुन्यास काढावी आणि तिच्यावरून साऱ्या मालाची प्रत ठरवावी, अशी तपासणीची रीत होती. १४८७ मध्ये विल्यम सेली हा गुमास्ता आपला धनी जॉर्ज ह्यास कळवितो की नमुन्यास निघालेल्या २४ क्रमांकाच्या गासडीत हलकी, जाडीभरडी लोकर सापडली. तेव्हा बांधणी करणाऱ्याकडून गुपचूप ८ क्रमांकाची गासडी पुढे करविली आणि पहिलीतला माल तिच्या वेष्टनात भरून टाकला. माल मंजूर झाला. त्याच पत्रात पुढे शुभवार्ता आहे: पार्लमेंटच्या वेळी कंपनीच्या प्रमुखास साहाय्य करणाऱ्या २८ जणांत आजच आपली निवड झाली!

घरचे कागदही खोटे असू शकतात, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. असतील. परंतु राजाशी खोटे बोलणारा व्यापारी कोणती गासडी कोठे ठेवली हे धन्याला खोटे सांगून कसे भागवील? स्वतःच्या हिताविरुद्ध जाणाऱ्या विधानास आमच्या पुराव्याच्या शास्त्रात विशेष वजन आहे, ते उगीच नव्हे.

आणि हे पत्र उरले कसे? घराण्याने जपले म्हणून मुळीच नव्हे. जॉर्ज १४८९ मध्ये वारला, त्याचा भाऊ रिचर्ड १४९३ मध्ये. मागे राहिलेल्यांत देण्याघेण्याचा तंटा लागला, चान्सरी न्यायालयात कागद दाखल झाले आणि तेथेच पडून राहिले. निवडक पत्रे १९०० मध्ये छापली गेली. ॲलिसन हॅनम ह्यांनी सारी पत्रे १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. सेलींच्या वंशजांनी अब्रूची चाळणी लावली असती तर हे पत्र चुलीत सर्वांत आधी गेले असते. कॅलेचा नियम आपल्याला कळला असता. तो कसा पाळला जाई, हे मात्र कळले नसते.

आमच्या पेट्यांतील मोडी रुमालांतही खंडाचे हिशेब आहेत, पालखीच्या मानाचे तंटे आहेत. नाव न घेता एकच गोष्ट सांगतो. असे एक दप्तर आमच्यापुढे आले, त्यात देवाच्या माडांच्या उत्पन्नाची वही होती. मधली सात पाने कात्रीने नीट कापलेली. विचारता उत्तर मिळाले, ‘वडिलांनी कापली, चांगल्या हेतूने.’ पण आठव्या पानाच्या माथ्यावर मागील बेरीज ओढलेली तशीच राहिली होती, आणि त्या आकड्यावरून गावात आता जो तो हवी तेवढी अफरातफर त्या वडिलांच्या नावे लावतो.