हद्दीपलीकडचा कारभार

वर्षाकाळ सरून शरदाचे निरभ्र आकाश उजळले, भातखाचरांतून पीक पिवळे पडू लागले आणि घाटाच्या पायथ्याशी असलेले जलाशय भरून आले, की आमचा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो. आणि समृद्धीच्या अशा मंगल दिवसांत पाणीटंचाईचा आणि घरटंचाईचा विषय संपादकीयात काढावा, हे कोणास अप्रासंगिकही वाटेल. परंतु पाण्याचा विचार पाणी असतानाच करावा लागतो; वैशाखात जागे होणाऱ्या कारभाऱ्यांच्या हाती टँकर धाडण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.

मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास हा हद्द ओलांडण्याचा इतिहास आहे. १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी हे तलाव साष्टीत सिद्ध झाले. ते अपुरे पडताच १८९२ साली तानसाचे पाणी आणावे लागले, १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर उभा राहिला आणि पुढे ऊर्ध्व वैतरणा, भातसा व २०१४ साली मध्य वैतरणा अशी ही परंपरा सह्याद्रीपर्यंत जाऊन भिडली. अभियंत्यांच्या आणि श्रमिकांच्या या कर्तृत्वाविषयी आमच्या मनात निःसंशय आदर आहे. तथापि ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा हे दोन्ही जलाशय आहेत, त्याच तालुक्यातील पाड्यांवरच्या स्त्रियांना उन्हाळा आला की हंडे घेऊन टँकरची प्रतीक्षा करावी लागते, ही गोष्ट या कर्तृत्वाच्या जमाखर्चात कोठे मांडावयाची, याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. शहराने हद्दीबाहेरून पाणी आणले. हद्दीबाहेरची जबाबदारी मात्र आणली नाही.

आज या महानगर प्रदेशात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मिरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल अशा नऊ महापालिका नांदतात. शिवाय नगरपालिका आणि शेकडो ग्रामपंचायती आहेतच. प्रत्येकीचे दप्तर निराळे, अंदाजपत्रक निराळे आणि नळपट्टीचा दरही निराळा. परंतु उल्हास नदी या हद्दी जाणत नाही. बोरघाटाच्या परिसरात उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर अशी ती कल्याणकडे वाहत येते, आणि वरच्या अंगाच्या वस्त्यांनी प्रक्रियेवाचून सोडलेले सांडपाणी व त्यावर पोसलेली जलपर्णी मोहने बंधाऱ्यापाशी खालच्या अंगाच्या शहरासमोर येऊन उभी राहते. वरच्या गावाने वाचविलेला शुद्धीकरणाचा खर्च खालच्या गावास दुपटीने सोसावा लागतो.

पाण्याचा आणि घराच्या किमतीचा संबंध किती निकटचा आहे, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी विरारजवळच्या बोळींजचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. म्हाडाने तेथे मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी इमारती उभारल्या. मुंबईत ज्यांना घर स्वप्नवत झाले आहे अशा लोकांसाठी किमती ठरविल्या, पुनःपुन्हा सोडती काढल्या. आणि तरीही हजारो घरे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. त्यास अनेक कारणे होती. परंतु पाण्याची वानवा हे त्यांतील एक प्रमुख कारण होते. स्वस्त घराच्या मासिक खर्चात टँकरचे बिल मिळविले, की ते घर स्वस्त राहत नाही, हा हिशेब साध्या गृहिणीलाही कळतो. घरे बांधणारी संस्था एक, पाणी देणारी दुसरी आणि धरण राखणारी तिसरी असल्यामुळे हा हिशेब सरकारी कागदावर मात्र एकत्र मांडला गेला नाही. पुढे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या योजनेतून वसई-विरारला पाणी येऊ लागले. प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटरच्या या योजनेत वसई-विरारचा वाटा १८५ आणि मिरा-भाईंदरचा २१८ दशलक्ष लिटर आहे. पण सूर्येचे धरण मुळात पालघर जिल्ह्यातील शेतीच्या सिंचनासाठी बांधले होते. म्हणून आदिवासी शेतकऱ्याचे शेत कोरडे ठेवून शहरातील घर सुलभ करणे, हे न्यायाचे ठरणार नाही.

सहकार्य अशक्य आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. ठाणे, भिवंडी आणि मिरा-भाईंदर या महापालिका व ठाणे जिल्हा परिषद यांनी एकत्र येऊन ‘स्टेम’ ही पाणीपुरवठा कंपनी चालविली आहे. नवी मुंबईने कोपरखैरणे व ऐरोली येथे सांडपाण्यावर अधिक उच्च प्रतीची प्रक्रिया करून ते औद्योगिक विकास महामंडळामार्फत कारखान्यांना देण्याची व्यवस्था केली आहे. कारखान्यांनी असे पाणी घेतले, म्हणजे तेवढेच पिण्याचे पाणी घराघरांसाठी मोकळे होते. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद १९९२ सालीच केली असून, तिचे किमान दोनतृतीयांश सभासद नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांतून आणि पंचायतींच्या अध्यक्षांतून निवडले जावेत, असे घटना सांगते. म्हणजे महानगर प्रदेशातील ग्रामीण पाड्याला आणि वरळीच्या मनोऱ्याला एकाच बैठकीत बसविण्याची सनद आपल्यापाशी तीस वर्षांहून अधिक काळ आहे. तिचा मनःपूर्वक उपयोग करण्याची इच्छा तेवढी उणी पडली आहे.

ती इच्छा असेल, तर तीन ठराव पुरेसे आहेत. मोठ्या गृहसंकुलास बांधकामाची मंजुरी देण्यापूर्वी त्याच्या पाण्याचा स्रोत आणि सांडपाण्याची वाट लेखी निश्चित व्हावी, आणि या नियमातून कोणत्याही महापालिकेने सवलत देऊ नये. गळती थांबविणे, पर्जन्यजल मुरविणे आणि सांडपाणी पुन्हा वापरणे यांचा खर्च सर्व महापालिकांनी लोकसंख्येच्या व ऐपतीच्या प्रमाणात एका सामाईक निधीतून करावा. आणि धरणाकाठच्या गावांना नळाचे पाणी मिळणे, ही शहराच्या पाण्याची पहिली अट मानली जावी.

कथा, कविता आणि चिंतनपर लेखनाने नटलेला हा अंक वाचकांच्या स्वाधीन करताना आमची त्यांच्यापाशी एक विनंती आहे. निवडणुकीच्या दिवसांत जो उमेदवार आपल्या दारी येईल, त्यास आपल्या गल्लीच्या रस्त्याविषयी अवश्य विचारावे. परंतु त्याचबरोबर शेजारच्या महापालिकेशी आणि धरणाकाठच्या ग्रामपंचायतीशी मिळून तो पाण्यासाठी व परवडणाऱ्या घरांसाठी काय करणार आहे, हेही विचारावे, आणि उत्तर मिळाल्यावाचून त्यास परत पाठवू नये.